मिराशी मास्तरांचे दोन इलेक्ट्रॉन

मिराशी मास्तरांबद्दल लिहायला बसले की पहिल्याच वाक्यात खोटं लिहायचा मोह होतो. ‘माझ्या जडणघडणीत ज्यांचा मोलाचा वाटा’ वगैरे. शिक्षकदिनाला मी असली भाषणं पुष्कळ ठोकली आहेत आणि एकदोनदा त्यांचं नाव घेऊन डोळेही पुसले आहेत. समोर बसलेल्या मुलींना ते खरं वाटलं. खोटं नव्हतंच, फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं इथे लिहिते.

रामनगरच्या आमच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे. धरणात गेलेल्या गावांतली माणसं आणून वसवलेलं हे गाव. सरळ रेघेतले रस्ते, एका मापाची घरं. मास्तरांचं मूळ गावही पाण्याखाली होतं. माझे वडील मात्र खानापूरकडून इथे दुकान टाकायला आलेले, त्यामुळे आमच्या घरी या सगळ्या माणसांकडे गिऱ्हाईक म्हणूनच बघायची पद्धत होती. मास्तरही त्यातलेच एक, महिन्याला चहापूड आणि काडेपेटी नेणारे.

ठेंगणे, सावळे, शर्टाच्या कॉलरला मागून छत्री अडकवलेली. बिडी ठेवावी तसा कानावर खडू. भाषा पक्की गावची. फळ्यावर लिहिताना ‘नाही’ लिहायचे आणि वाचून दाखवताना ‘न्हाई’ म्हणायचे. त्यांचा एकच प्रश्न होता आणि तो ते कशालाही लावायचे: ‘मग ते गेलं कुठं?’ चहात साखर विरघळली, मग ती गेली कुठं? चुलीत भाराभर लाकूड घातलं, राख मूठभर उरली, बाकीचं गेलं कुठं? उत्तर येईपर्यंत पुढचा धडा नाही. ‘नाहीसं झालं’ असं कुणी म्हणालं तर मात्र ते चिडायचे. एरवी त्यांना राग येत नसे.

‘न्हाईसं काय होत न्हाई,’ ते म्हणायचे. ‘तू बघायचं सोडलंस, एवढंच.’

एकदा मागच्या बाकावरच्या एका आगाऊ मुलाने विचारलं, ‘सर, तुमचं गाव गेलं कुठं?’ मास्तरांनी छत्री काढून टेबलावर ठेवली. ‘गाव हाय तिथंच हाय,’ ते म्हणाले. ‘मानसं गेली.’ आणि मग बोटांवर मोजायला लागले. एवढी घरं रामनगरात, एवढी हल्याळकडे, एवढी दांडेलीला, एक घर गोव्यात. मोजून झाल्यावर दोन बोटं उरली. ती त्यांनी तशीच धरून ठेवली. ‘ही दोन घरं कुठं गेली ते ठाव न्हाई. मी इचारतोय अजून, ज्याला त्याला.’ नंतर आम्हाला कळलं की ते खरोखरच विचारतात. बसस्टँडवर, बाजारात, लग्नात, अनोळखी माणसालाही.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्याच्या दाराला खिळ्यावर एक वही टांगलेली असे. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात ‘मास्तरच्या चुका’. शिकवताना ज्याला त्यांची चूक सापडेल त्याने उभं राहून सांगायची, ती खरी ठरली की वहीत लिहायची आणि खाली सही करायची. बक्षीस म्हणून त्यांच्या डब्यातला उकडलेला कंद. आमच्याकडच्या रानातले ते कंद मला मुळीच आवडत नसत, पण सहीसाठी मी ते खाल्ले. आठवीत असताना त्यांनी फळ्यावर कॅल्शियमची संयुजा एक लिहिली. मी उठले. ‘दोन, सर.’ त्यांनी फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि इतके खूश झाले की घरी जाऊन बायकोलाही सांगितलं असणार.

‘लिव जा, बाय,’ ते म्हणाले. ‘मोठ्या अक्षरात लिव.’

तीन वर्षांत त्या वहीत माझ्या सात सह्या झाल्या. दुसऱ्याची चूक काढायची चटक मला तिथे लागली. आपली चूक खिळ्यावर टांगून ठेवायची हिंमतही त्याच वहीत शिकायला होती, ती मी घेतली नाही.

दहावीत किरणोत्सर्गाचा धडा आला. पुस्तकात अर्धं पान. युरेनियमच्या केंद्रकातून आल्फा कण बाहेर पडतो, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन जातात, ब्याण्णवचे नव्वद होतात, युरेनियमचं थोरियम होतं. बाकीचे मास्तर हे पाठ करून घेत. मिराशी मास्तरांनी एका शनिवारी सगळी शाळा मैदानात काढली. चुन्याच्या फक्कीने एकात एक सात वर्तुळं आखली होती. मध्ये ते स्वतः सूप घेऊन उभे. सुपात ब्याण्णव काजूबिया, ते प्रोटॉन, आणि आमच्या दुकानातून मागून आणलेल्या सुपाऱ्या, ते न्यूट्रॉन. इलेक्ट्रॉन आम्ही. ब्याण्णव माणसं लागणार होती. हजर मुलं पंच्याऐंशी, मास्तर सोडून आणि हेडमास्तर धरून शिक्षक पाच. हेडमास्तरांना फिरायला लावणं बरं दिसेना, म्हणून ते तेवढे वर्तुळावर खुर्ची टाकून बसलेले इलेक्ट्रॉन. तरी दोन कमी पडले, तेव्हा शाळा झाडणाऱ्या गंगाक्काला आणि घंटा देणाऱ्या बाबूअण्णाला बोलावून सगळ्यात बाहेरच्या वर्तुळावर उभं केलं. तिथे दोघांचीच जागा असते.

आम्ही फिरायला लागलो. मास्तरांनी सुपातून दोन बिया, दोन सुपाऱ्या उचलल्या आणि कुंपणाकडे भिरकावल्या. ‘आत आता किती ऱ्हायल्या बिया? नव्वद. आन भवतीनं फिरणारे? ब्याण्णव. दोन जास्ती झाले. अक्का, अण्णा, तुमी आता बाहेर जावा.’

गंगाक्का हातात केरसुणी घेऊनच फिरत होती. ती थांबली. ‘आमी कशाला जायाचं ओ मास्तर? आमी काय केलंय?’

पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. ‘तुमी काय केलं न्हाई, अक्का,’ ते म्हणाले. ‘आत उलथापालथ झाली. तुमाला धरून ठिवायची ताकद आता आत ऱ्हायली न्हाई.’

‘मग आमी जायाचं कुठं?’

‘तेच तर शोधायचं,’ असं म्हणून ते कुंपणापाशी गेले आणि पडलेल्या बिया-सुपाऱ्या उचलून आणल्या. आल्फालाही पुढे कुठे तरी दोन इलेक्ट्रॉन लागतातच, ते म्हणाले. तो पळता पळता दमला की वाटेत भेटतील ते दोन धरतो. हेच दोन असतील असं नाही, पण हिशेब शेवटी बरोबर बसतो. त्या चारही वस्तू त्यांनी गंगाक्काच्या हातात दिल्या, तिला आणि बाबूअण्णाला फणसाच्या झाडाखाली उभं केलं आणि जाहीर केलं की इथे आता हेलियम झाला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, ‘तुमी नव्वद जण जरा ऐसपैस व्हा. आतली ओढ कमी झालीया.’ आम्ही सगळे एकेक पाऊल मागे सरकलो. हेडमास्तरांनीही खुर्ची वीतभर मागे घेतली. गंगाक्काने काजूबिया पदराला बांधून नेल्या.

हे पुस्तकात कुठेही नव्हतं. त्यांनी कुठल्या मोठ्या ग्रंथात वाचलेलंही नव्हतं. मोजलं, दोन जास्त आले, आणि ते गेले कुठं हे विचारल्याशिवाय त्यांना राहवेना.

दहावीनंतर वडील मला दुकानात बसवणार होते. मास्तर तीनदा घरी आले. पहिल्या दोन वेळा वडिलांनी चहा पाजून वाटेला लावलं. तिसऱ्या वेळी ते ‘मास्तरच्या चुका’ घेऊनच आले आणि माझ्या सातही सह्या वडिलांना दाखवल्या. ‘शेटजी, ही पोरगी माझ्या चुका काढती. हिला दुकानात बसवलं तर ती तुमच्या चुका काढंल,’ ते म्हणाले. वडील हसले आणि मी बेळगावला शिकायला गेले. माझी एम.एस्सी., माझी नोकरी, माझं ‘मॅडम’ होणं, सगळं त्या तिसऱ्या खेपेतून आलं. हे मी भाषणात सांगते.

भाषणात सांगत नाही ते असं. बेळगावच्या कॉलेजात नोकरीला लागून मला काही वर्षं झाली होती. आमच्याच जोयडा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावणं आलं. बरोबर दुसऱ्या कॉलेजातले एक प्राध्यापक होते, इंग्रजी शाळेत शिकलेले, बोलायला मोठे गोड. त्यांच्या गाडीतून गेलो. वाटेत त्यांनी विचारलं, ‘तुम्ही इकडच्याच का?’ मी म्हणाले, ‘आम्ही मूळचे खानापूरचे.’ वडील तिकडचे खरे, पण मी रामनगरची; एवढं साधं मी का लपवलं असेन, तर गाडी छान होती म्हणून.

प्रदर्शनात शेवटच्या टेबलावर सूप दिसलं. सुपात काजूबिया आणि सुपाऱ्या, भोवती तारेची सात वर्तुळं, सगळ्यात बाहेर दोन लाल मणी. शेजारी दिग्गीहून आलेली एक मुलगी, रुक्मिणी. रोज किती पायपीट करून शाळेला येत असेल कोण जाणे. मागे मिराशी मास्तर, कॉलरला छत्री. मला बघून त्यांचं तोंड उजळलं. ‘बाय,’ म्हणून ते पुढे आले. मी मान हलवली, नमस्कार केला नाही. प्राध्यापक बघत होते.

रुक्मिणीने सुपाला बांधलेली दोरी ओढली. सुपातून चार दाणे पडले आणि तारेवरून दोन लाल मणी सुटले. ‘आल्फा गेल्यावर दोन इलेक्ट्रॉन जास्ती हुतात. ते बाहेर पडतात,’ ती म्हणाली.

प्राध्यापकांनी हसून माझ्याकडे पाहिलं. ‘हे काय नवीनच? मॅडम, तुमचा विषय.’

माझा विषय होता आणि मला ठाऊक नव्हतं. एवढी पुस्तकं वाचली, इतकी समीकरणं सोडवली, पण ती सगळी केंद्रकाची. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचं काय होतं हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते मैदानात, गंगाक्काने. ‘मला माहीत नाही, बघून सांगते’ असं म्हणायला किती वेळ लागतो? मी रुक्मिणीला विचारलं, ‘हे पुस्तकात आहे?’

‘न्हाई.’

‘मग कुठून आणलंस?’

उत्तर मास्तरांनी दिलं. ‘मोजलं, बाय. ब्याण्णव हुते, नव्वद पायजेत. दोन गेलेच असतील की कुठं तरी.’

‘किरणोत्सर्गाचा इलेक्ट्रॉनांशी काही संबंध नसतो, सर,’ मी म्हणाले. शुद्ध मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. ‘तो केंद्रकाचा मामला आहे. मुलांना असं मनाने बनवलेलं शिकवू नका.’ आणि कागदावर शून्य गुण लिहिले.

रुक्मिणीने मास्तरांकडे बघितलं. ते मला उलट काही बोलतील अशी तिची अपेक्षा असावी. माझीही होती, आणि त्यांनी बोलावं असंही कुठे तरी वाटत होतं. पण मास्तरांनी कानावरचा खडू काढला, सुपाशेजारच्या पाटीवरची ‘दोन इलेक्ट्रॉन बाहेर’ ही ओळ खोडली आणि म्हणाले, ‘व्हय. तू एवढी शिकलीस. तू म्हनतीस तर तसंच असंल.’ त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी आज हे लिहीत बसले नसते. खाली पडलेले दोन लाल मणी वेचून त्यांनी खिशात टाकले.

पुढच्याच वर्षी वर्गात एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, या समीकरणात दोन इलेक्ट्रॉन जास्त होतात ना?’ मी ‘उद्या सांगते’ म्हटलं आणि ग्रंथालयात गेले. दहा मिनिटांत सापडलं. आल्फा गेल्यावर अणूत दोन इलेक्ट्रॉन जास्त होतात, केंद्रकाची ओढ कमी होते, बाहेरचे सैल पडतात आणि सुटून जातात. आल्फा पळताना थकतो आणि भेटतील ते दोन इलेक्ट्रॉन घेऊन हेलियम होतो. झाडाखालच्या गंगाक्कासकट सगळं बरोबर होतं. बीटा किरणोत्सर्गात उलटं: केंद्रकातच जन्मलेला इलेक्ट्रॉन घरात न थांबता लांब निघून जातो आणि बाहेरच्या वर्तुळात वाढलेली एक जागा कुठला तरी परका येऊन भरतो. काही अणूंत तर केंद्रक सगळ्यात जवळचा इलेक्ट्रॉनच गिळून टाकतं. म्हणजे ‘काही संबंध नसतो’ हे माझं वाक्य नुसतं अर्धवट नव्हतं, सरळ चूक होतं. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही किती छान शिकवता.’

मास्तरांना पत्र लिहायचं ठरवलं. लिहिलंही, चारदा. प्रत्येक पत्रात माझी चूक दुसऱ्या पानावर यायची आणि पहिलं पान त्यांच्या तब्येतीची चौकशी करण्यात जायचं. एकही टाकलं नाही. दरम्यान त्यांच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं की निवृत्त होईपर्यंत मास्तर वर्गात सांगत राहिले, ‘इलेक्ट्रॉनचा कायबी संबंध न्हाई. माझी एक विद्यार्थिनी हाय, तिनं सांगितलंय.’

गेल्या वर्षी हिवाळ्यात अखेर मी त्यांना भेटायला गेले. मास्तर आता कॅसलरॉकला मुलाकडे असतात. मुलगा रेल्वेत लाइनीवर कामाला आहे. स्टेशनजवळच घर. सकाळच्या गाडीने उतरले, दारात उभी राहिले. ते पडवीत बसले होते, शेजारचे एक म्हातारे गृहस्थ गप्पा मारायला आलेले. मास्तरांच्या डोळ्यांत आता नुसत्या सावल्या दिसतात, असं सून शांता म्हणाली. मी ‘सर’ म्हटलं आणि त्यांनी आवाजावरून ओळखलं.

‘बाय आली,’ ते शेजाऱ्यांना म्हणाले. ‘तुमाला सांगितलं न्हवतं का, सगळ्या लोकांसमोर माझी चूक काढली ती? तीच ही. मास्तर हाय म्हणून गप्प बसली न्हाई. शांता, वही आन गं.’

वही आली. तीच, कोपरे झिजलेली. शेवटचं लिहिलेलं पान शांताने उघडून माझ्यापुढे धरलं. मास्तरांचं अक्षर: ‘चूक – आल्फा निघाल्यावर दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतात असे मी शिकवत होतो. तसे नाही. चूक काढणार – सुमन.’ आणि खाली पेन्सिलीने ओढलेली एक रेघ, वर मोकळी जागा.

‘सही ऱ्हायलीया तुझी,’ मास्तर म्हणाले. ‘एवढी वर्सं जागा ठिवलीया.’

मी पेन घेतलं. रेघेच्या वर लिहिलं. ‘ही चूक सरांची नाही, माझी आहे. दोन इलेक्ट्रॉन बाहेरच पडतात. सर बरोबर होते. मला तेव्हा माहीत नव्हतं आणि मी ते कबूल केलं नाही.’ आणि खाली सही केली.

‘एवढी लांब सही?’ मास्तर हसले. ‘काय लिवलंस? वाच बघू.’

शेजारी कौतुकाने माझ्याकडे बघत होते. शांता चहा घेऊन येत होती. मी वहीकडे बघत वाचलं, ‘सरांचे आशीर्वाद असू द्यावेत. सुमन.’ म्हाताऱ्याचं मन दुखवू नये म्हणून, असं मी नंतर स्वतःला सांगून बघितलं. त्यांना काही दुखलं नसतं. ते खूश झाले असते.

मास्तरांनी आत हाक मारली, ‘शांता, बायला तिचं बक्षीस दे.’ तिने ताटलीत उकडलेला कंद आणून दिला, मीठ लावलेला. मी तो सगळा खाल्ला. शांता म्हणाली, ‘रोज सांजच्याला ही वही वाचून दाखवावी लागती त्यांना. शेवटच्या पानापासनं सुरू करायची.’ मग वही तिने नेऊन खिळ्याला अडकवली.

दुपारच्या गाडीला ते मला सोडायला आले. नको म्हटलं तरी आले, छत्रीने वाट चाचपत. फलाटावर आम्ही दोघेच होतो. ते हळूच म्हणाले, ‘बाय, एक इचारू? तू म्हनलीस संबंध न्हाई. मी मानलं. पोरांनाबी तसंच शिकवलं. पर मी अजून मोजतो, आन अजून दोन जास्तीच येतात. ते गेले कुठं?’

तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं.

‘गाडी आली, सर,’ मी म्हणाले.

आणि गाडी खरंच आली होती. मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. संध्याकाळी शांता ते पान उघडणार, मी लिहिलेलं वाचणार, आणि मी काय वाचून दाखवलं होतं तेही मास्तरांना आठवणार. दोन्ही त्यांना एकदमच कळणार होतं. अजून चारपाच तास होते. खाली उतरायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

गाडी हलली. मास्तर फलाटावर उभे होते, छत्री पुन्हा कॉलरला अडकवलेली, हात वर केलेला. ते पुढच्या डब्याकडे तोंड करून हात हलवत होते. त्या डब्यात मी नव्हते. माझी खिडकी त्यांच्या अगदी शेजारून गेली, हात लांब केला असता तर छत्रीला लागला असता. मी हाक मारली असती तर त्यांनी आवाज ओळखला असता.